हत्यारांची दलाली : पासपोर्ट पाहू नका, राहण्याचे ठिकाण पाहा

आपल्या चाटी गल्लीत 'दलाल' हा शब्द शिवी म्हणून वापरला जात नाही. सुताच्या व्यापारात, चादरी-टॉवेलच्या व्यापारात दलालाशिवाय पान हलत नाही. दलाल स्वतः माल विकत घेत नाही, त्याचे गोडाऊन नसते, कधी कधी तर त्याने माल डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. घेणारा आणि देणारा यांना तो एकत्र आणतो, भाव ठरवून देतो आणि शेकडा ठरेल ती दलाली घेतो. मात्र पेठेचा एक रिवाज आहे. माल खोटा निघाला किंवा पार्टी बुडाली, तर 'मी तर फक्त मध्ये होतो' असे म्हणून दलालाला हात झटकता येत नाहीत. तो दलाल मूळचा सोलापूरचा आहे, भिवंडीचा आहे की राजस्थानातून आलेला आहे, याची चौकशी त्या वेळी कोणी करीत नाही. ज्याने पेठेत बसून दलाली घेतली त्याने पेठेला जवाब द्यायचा, इतका साधा हिशोब आहे.

हाच हिशोब हत्यारांच्या दलालीला लावावा की नाही, हा प्रश्न गेली पंचवीस-तीस वर्षे जगातील सरकारांपुढे आहे. देशाचा नागरिक हत्यारांची दलाली करीत असेल तर त्याला देशाचा कायदा लागू होतो, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो दुसऱ्या माणसाबद्दल. तो देशाचा नागरिक नाही, पण वर्षानुवर्षे तेथेच राहतो. तेथेच त्याचे ऑफिस, तेथेच बँकेचे खाते, तेथेच मुलांची शाळा. तेथे बसून तो एका देशाच्या बंदुका दुसऱ्या देशाला मिळवून देतो. त्याला कोणता कायदा लावायचा? माझे मत असे की, ज्या देशात तो राहतो त्या देशाचा कायदा त्याला नागरिकाइतकाच लागू झाला पाहिजे. नागरिकापेक्षा कमी नको आणि जास्तही नको. 'आपण चादरी विकणारी माणसे, आपल्याला बंदुकांचे काय?' असे जे बंधू विचारतील, त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती आहे.

माल न पाहता होणारा धंदा

हत्यारांच्या दलालाचे काम आपल्या दलालासारखेच चालते. माल एका देशातून निघतो, दुसऱ्या देशाच्या जहाजातून किंवा विमानातून जातो, कागदावर तिसऱ्या देशाचे नाव असते आणि उतरतो चौथ्याच ठिकाणी. दलाल पाचव्या देशात टेलिफोनजवळ बसलेला असतो. त्याच्या हातात बंदूक कधीच येत नाही. बहुतेक देशांचे जुने कायदे मात्र हातात बंदूक असलेल्या माणसासाठी लिहिलेले आहेत. बंदूक हद्दीत आली, हद्दीबाहेर गेली, लायसन्सशिवाय सापडली, तरच तो कायदा जागा होतो.

आपल्या देशाचेच पाहा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात हत्यारांच्या आयात-निर्यातीला लायसन्स लागते. २०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि हत्यारांच्या बेकायदा तस्करीत भाग घेणाऱ्याला व मदत करणाऱ्याला कडक शिक्षा ठेवण्यात आली. परंतु तस्करीची तेथील व्याख्या भारतात येणाऱ्या, भारतातून जाणाऱ्या किंवा भारतात फिरणाऱ्या हत्यारांपुरती आहे. पुण्यात किंवा मुंबईत फ्लॅट घेऊन राहणाऱ्या एखाद्याने पूर्व युरोपातील रायफली परस्पर आफ्रिकेतील एखाद्या टोळीला मिळवून दिल्या, तर ती हत्यारे भारताच्या हद्दीला स्पर्शसुद्धा करीत नाहीत. दलालीची रक्कम मात्र येथे जमा होते.

मोठ्या हत्यारांच्या बाबतीत आपल्या संसदेने पुढचे पाऊल टाकले आहे. २८ एप्रिल २००४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १५४० क्रमांकाचा ठराव केला. अणुबॉम्ब, रासायनिक आणि जैविक हत्यारे कोणा टोळीच्या हाती लागू नयेत म्हणून प्रत्येक देशाने कायदे करावेत, दलालीवरही नियंत्रण ठेवावे, असा तो ठराव होता. त्यानंतर २००५ मध्ये आपल्याकडे सामूहिक संहाराच्या हत्यारांविषयीचा कायदा झाला. त्याच्या १२ व्या कलमात दलालीवर बंदी आहे आणि त्या कलमातील शब्द फार महत्त्वाचे आहेत. तेथे 'भारताचा नागरिक' असे लिहिलेले नाही. 'भारतात राहणारी व्यक्ती' असे लिहिले आहे. मोबदला घेऊन, जाणूनबुजून, मनाई असलेला व्यवहार जुळवून देईल तो गुन्हेगार, मग त्याचा पासपोर्ट कोणत्याही रंगाचा असो.

त्याच कलमात एक सवलतही आहे. मालाची माहिती नसताना केवळ वाहतूक करणारा, कुरिअरवाला, टपाल किंवा टेलिफोनची सेवा देणारा, पैशाची सेवा देणारा यांना दोषी धरले जात नाही. हमाल आणि दलाल यांतील फरक कायद्याने ओळखला, ही चांगली गोष्ट झाली.

मग साध्या हत्यारांचे काय? २०१० मध्ये विदेश व्यापाराच्या १९९२ च्या कायद्यात नवे प्रकरण घातले गेले आणि नियंत्रित मालाच्या निर्यातीबरोबर दलालीचाही त्यात उल्लेख आला. त्याच्या संज्ञा २००५ च्या कायद्यातून उसन्या घेतल्या. २०१७ मध्ये 'स्कोमेट' नावाच्या नियंत्रित मालाच्या यादीत दारूगोळा व लष्करी साहित्याचा सहावा गट भरण्यात आला. म्हणजे साध्या हत्यारांच्या दलालाला गाठायचे तर १९५९ चा कायदा, १९९२ चा कायदा आणि २००५ चा कायदा असे तिन्ही समोर ठेवून वाचावे लागतात. शिवाय २००५ च्या कायद्यात तो कोणाकोणाला लागू आहे हे सांगताना भारतीय नागरिकांच्या बाबतीत 'भारताबाहेर असतानाही' आणि परदेशी माणसांच्या बाबतीत 'भारतात असेपर्यंत' अशी शब्दरचना आहे. येथेच वीस वर्षे राहणारा परदेशी माणूस चार दिवस बाहेर जाऊन सही करून आला तर काय, यावर वकील मंडळी दोन्ही बाजूंनी भांडू शकतात. माझे शालेय शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, कायद्याचे इंग्रजी मला डिक्शनरी घेऊन वाचावे लागते. पण जे वाक्य तीन पुस्तकांत तुकड्या-तुकड्यांनी लिहिलेले आहे, ते प्रामाणिक माणसाला कळत नाही आणि बदमाशाला सापडत नाही, एवढे मला व्यापारातून कळते.

दोन जुनी प्रकरणे

पहिले प्रकरण सर्वांना ठाऊक असलेले. २४ मार्च १९८६ रोजी स्वीडनच्या बोफोर्स कंपनीबरोबर १५५ मिलिमीटर तोफांचा सुमारे १,४३७ कोटी रुपयांचा करार झाला. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने दलाली दिली गेल्याची बातमी दिली. त्या प्रकरणात ओत्ताव्हिओ क्वात्रोची यांचे नाव पुढे आले. ते इटलीचे नागरिक, एका इटालियन कंपनीचे प्रतिनिधी म्हणून कित्येक वर्षे दिल्लीत कुटुंबासह राहत होते. जुलै १९९३ मध्ये ते देश सोडून गेले. १९९९ मध्ये आरोपपत्र दाखल झाले. मलेशियाने त्यांना आपल्या हवाली केले नाही, २००७ मध्ये अर्जेंटिनातील न्यायालयानेही नकार दिला. २०११ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांच्यावरील खटला बंद करण्यास परवानगी दिली आणि २०१३ मध्ये ते वारले. त्यांच्यावरील आरोप न्यायालयात सिद्ध झालेला नाही, तेव्हा त्यांना गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. माझा मुद्दा निराळाच आहे. ज्या काळात ते येथे राहत होते, त्या काळात 'हत्यारांच्या व्यवहारात मध्यस्थी करणाऱ्या प्रत्येक रहिवाशाने आपले नाव आणि आपली दलाली सरकारदरबारी नोंदवावी' असा सरळ नियम असता, तर खरे-खोटे तेव्हाच कागदावर आले असते. देशाने पंचवीस वर्षे जे कोर्टात शोधले, ते एका रजिस्टरात सापडले असते.

दुसरे प्रकरण आपल्या महाराष्ट्रात येऊन थांबले. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात एका विमानातून शेकडो रायफली आणि काडतुसांचा मोठा साठा खाली टाकण्यात आला. चार दिवसांनी तेच विमान परत जाताना हवाई दलाने मुंबईच्या विमानतळावर उतरवले. विमानात लॅटव्हियाचे पाच कर्मचारी आणि पीटर ब्लीच नावाचा इंग्रज हत्यार-व्यापारी होता. किम डेव्ही या नावाने वावरणारा मुख्य माणूस, डेन्मार्कचा नागरिक नील्स होल्क, मुंबईच्या विमानतळावरून निसटला. हत्यारे बल्गेरियातील बुर्गास येथून भरली होती आणि कागदावर घेणारा म्हणून बांगलादेशचे नाव होते.

हिशोब करा. माल बल्गेरियाचा, कागद बांगलादेशच्या नावाचा, विमान चालवणारे लॅटव्हियाचे, मध्यस्थ ब्रिटनचा, गिऱ्हाईक डेन्मार्कचा आणि माल पडला बंगालच्या शेतांत. ब्लीचने या व्यवहाराची खबर आधीच ब्रिटिश अधिकाऱ्यांना दिली होती, तरीही व्यवहार थांबला नाही. परदेशातून परदेशात होणाऱ्या दलालीवर सर्वसाधारण नियंत्रण ठेवणारा कायदा ब्रिटनमध्ये तेव्हा नव्हता. तो २००२ मध्ये झाला आणि २००४ पासून अमलात आला. ब्लीचला २००० मध्ये जन्मठेप झाली आणि २००४ मध्ये माफी मिळून तो सुटला; विमानाचे कर्मचारी २००० मध्येच सुटले होते. होल्कला भारताच्या ताब्यात द्यायला डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला, २०२४ मध्ये पुन्हा नकार दिला.

या दोन्ही प्रकरणांतून एकच गोष्ट दिसते. माणूस एकदा देशाबाहेर गेला की त्याला परत आणणे जवळजवळ अशक्य. म्हणून तो जेथे राहतो, जेथे त्याचे घर आणि खाते आहे, तेथीलच कायद्याने त्याला हात घातला पाहिजे. ब्रिटनच्या २००२ च्या कायद्यातही एक फट राहिली. ब्रिटनबाहेर केलेल्या दलालीसाठी त्यांनी ब्रिटिश राष्ट्रीयत्वाची माणसे आणि ब्रिटिश कंपन्या यांनाच धरले. लंडनमध्ये वर्षानुवर्षे राहणारा परदेशी माणूस व्यवहारापुरता विमानाने बाहेर गेला की त्या व्याख्येत बसत नव्हता. अमेरिकेने १९९६ मध्ये दलालीचा नियम करताना तशी फट ठेवली नाही. ग्रीन कार्ड असलेला माणूस नागरिक नसला तरी त्यांच्या हिशोबात आपलाच, आणि तो जगात कोठेही गेला तरी नियम त्याच्यामागे जातो. युरोपीय संघानेही दुहेरी वापराच्या मालाबद्दल २००९ मध्ये नियम केला तेव्हा सदस्य देशात राहणारा, असाच दलालाचा अर्थ लावला.

दुबई-शारजाचा धडा

आता आपल्या जवळचा प्रदेश पाहू. कोकणातील आणि आपल्याकडील किती कुटुंबांची रोजी-रोटी आखाती देशांवर चालते, हे वाचकांना सांगायला नको. तेथे आपली माणसे तीस-तीस वर्षे राहतात आणि तरीही नागरिक होत नाहीत. म्हणजे 'रहिवासी, पण नागरिक नाही' ही कायद्याची भाषा ज्यांना लागू होते, त्यांत आपले भाऊ, भाचे आणि जावई आहेत. हा विषय आपला आहे तो प्रथम यासाठी.

ज्या शारजातून आपले लोक टॉवेलची ऑर्डर पाठवतात, त्याच शारजात १९९० च्या दशकात व्हिक्टर बूट नावाचा रशियन माणूस मालवाहू विमानांचा धंदा करीत होता. आफ्रिकेतील युद्धांत त्याच्या विमानांनी हत्यारे पोहोचवल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत आले. २००८ मध्ये तो बँकॉकला पकडला गेला, २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तो रशियाला परत गेला. जेथे तो राहिला तेथे त्याच्यावर खटला झाला नाही.

दुसरा माणूस बुहारी सय्यद अबू ताहिर. श्रीलंकेचा नागरिक, दुबईत कंपनी, पुढे मलेशियात राहणे. ऑक्टोबर २००३ मध्ये लिबियाला निघालेल्या एका जहाजावर अणुकार्यक्रमाच्या यंत्रांचे भाग सापडले, ते मलेशियातील कारखान्यात बनले होते आणि त्या जाळ्यात ताहिरचे नाव आले. मलेशियात त्या वेळी अशा मध्यस्थीला लागू पडेल असा धड कायदा नव्हता. मग सरकारने काय केले? २००४ मध्ये त्याला अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली खटल्याशिवाय अटकेत ठेवले आणि २००८ मध्ये सोडून दिले. त्याचा दोष किती होता हे उघड कोर्टात कधी ठरलेच नाही. संयुक्त अरब अमिरातीने २००७ मध्ये आयात-निर्यात नियंत्रणाचा कायदा केला, मलेशियाने २०१० मध्ये केला.

या गोष्टीवर आपल्या वाचकांनी विशेष विचार करावा. जेथे स्पष्ट कायदा नसतो तेथे सरकार हात बांधून बसत नाही. तेथे खटल्याशिवाय कोंडून ठेवण्याचा हुकूम निघतो. आपल्या देशात 'टाडा' १९८५ ते १९९५ पर्यंत होता. त्याने किती घरांचे चूल-पोतेरे केले, हे आपल्या पिढीला कोणी शिकवण्याची जरूर नाही. गुन्हा कोणता, कोणी केला तर, काय माहीत असताना केला तर, शिक्षा किती, हे ज्या कायद्यात मोजून-मापून लिहिलेले असते तो कायदा निरपराध माणसाचीही ढाल असतो. म्हणून कायदा वाढवा, पण नेमका लिहा, अशी मागणी आपण करायला हवी.

रंगाच्या पिंपातील जहर

आता 'चादरीवाल्याला बंदुकीचे काय' या सवालाकडे येतो. थायोडायग्लायकॉल नावाचे एक रसायन आहे. कापडाच्या रंगाई-छपाईत रंग विरघळवण्यासाठी त्याचा उपयोग होतो, बॉलपेनच्या शाईतही होतो. त्याच रसायनापासून मस्टर्ड गॅस हा जहरी वायू बनवता येतो. म्हणून १९९७ मध्ये अमलात आलेल्या रासायनिक हत्यारबंदीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत त्याचे नाव आहे.

फ्रान्स व्हॅन अनराट नावाच्या डच व्यापाऱ्याने १९८० च्या दशकात हे रसायन इतरांकडून मिळवून एक हजार टनांहून अधिक इराकमधील सद्दाम सरकारला पुरवले. हे तर कापड उद्योगात लागणारे रसायन, हीच त्याची सबब होती. १६ मार्च १९८८ रोजी हलबजा या कुर्द गावावर जहरी वायूचे बॉम्ब पडले आणि सुमारे पाच हजार माणसे, बायका-मुलांसह, गुदमरून मेली. मरणारे मुसलमान होते, मारणारेही स्वतःला मुसलमान म्हणवत होते आणि जहराची दलाली करणारा दूरच्या देशातला एक व्यापारी होता. डिसेंबर २००५ मध्ये हेग येथील न्यायालयाने त्याला युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल १५ वर्षांची शिक्षा दिली, २००७ मध्ये अपिलात ती १७ वर्षे झाली आणि २००९ मध्ये वरच्या न्यायालयाने ती साडेसोळा वर्षांवर आणली. माल कशासाठी जातो आहे हे त्याला माहीत होते, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. तो डच नागरिक होता म्हणून डच कोर्टाला त्याला धरणे सोपे गेले. तसाच एखादा माणूस परदेशी पासपोर्ट घेऊन हॉलंडमध्ये नुसता राहत असता, तर अशा दलालाला पकडण्यासाठी राहण्याच्या जागेवर बेतलेला नियम हवा होता.

सोलापुरात रंगाची पिंपे उतरवताना आपण असल्या गोष्टींचा विचार करीत नाही आणि करण्याची वेळ सहसा येतही नाही. पण जग बदलले आहे. आपल्या देशाची संरक्षण साहित्याची निर्यात २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी रुपये होती, ती २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर गेली. दारूगोळ्याचे सरकारी कारखाने खडकी, वरणगाव, भंडारा, चंद्रपूर असे आपल्याच राज्यात आहेत. २०२१ मध्ये त्यांची कंपनी झाली आणि तिचे मुख्यालय पुण्यात आहे. जेथे माल विकायला निघतो तेथे दलाल येतो, हा बाजाराचा कायदा आहे. उद्या पुण्या-मुंबईत राहणारे परदेशी दलाल वाढतील, आणि ते आपल्यासारख्याकडे गणवेशाचे कापड, तंबूचे कापड, खास ताकदीचा धागा किंवा रंगाचे रसायन मागायला येतील. त्या वेळी ते कोणाला जबाबदार आहेत, हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

हरकती आणि त्यांचे उत्तर

पहिली हरकत अशी की, असा कायदा झाला की पोलीस प्रत्येक परदेशी माणसाच्या दारात उभे राहतील. पुण्यात शिकणारे अरब आणि आफ्रिकी विद्यार्थी, मुंबईत उपचाराला येणारे लोक यांना त्रास होईल. ही भीती खोटी नाही. पण मी मागतो तो नियम परदेशी माणसासाठी वेगळा नाही. दलालीची जी नोंद आणि परवानगी नागरिकाला, तीच रहिवाशाला. जो दलाली करीत नाही त्याला हा कायदा लागूच होत नाही. कृती आणि राहण्याचे ठिकाण पाहणारा कायदा हा नाव आणि दाढी पाहणाऱ्या संशयापेक्षा कधीही चांगला.

दुसरी हरकत, एका माणसावर दोन देशांचे कायदे कसे? व्यापाऱ्याला याचे उत्तर ठाऊक आहे. आयकराचा कायदा पासपोर्ट विचारत नाही, वर्षात किती दिवस येथे राहिलास ते विचारतो. १८२ दिवसांचा हिशोब आपल्या सर्वांच्या सी.ए.ला पाठ आहे. परकीय चलनाचा 'फेमा' कायदाही रहिवासाच्या हिशोबानेच चालतो. जो माणूस येथे राहतो म्हणून येथे कर भरतो, त्याने येथे राहून हत्यारांची दलाली केली तर मात्र तो परका, हे कोणत्या खातेवहीत बसते? एकाच गुन्ह्याबद्दल दोन देशांनी दोनदा शिक्षा करू नये, एवढी तरतूद जरूर असावी.

तिसरी हरकत आपल्याच लोकांची. मालाचे पुढे काय झाले हे विकणाऱ्याला कसे कळणार? यावर फिकहमध्ये जुना आणि स्वच्छ जवाब आहे. हनफी मजहबच्या 'हिदाया' या मशहूर किताबात फितन्याच्या दिवसांत हत्यार विकणे मकरूह सांगितले आहे, आणि ते अशा गिऱ्हाइकाच्या बाबतीत जो फितना करणारा म्हणून माहीत आहे. माहीत नसेल तर हरकत नाही. जाणूनबुजून करणे आणि अजाणता होणे यांतील हाच फरक २००५ च्या कायद्यानेही मानला आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या फकीहांनी आणि आजच्या संसदेने एकच माप वापरले आहे, आणि त्या मापात विकणारा कोणत्या मुलुखाचा हे पाहिलेले नाही.

काय मागावे, काय करावे

आपल्या व्यापारी संघटनांनी, चेंबरने आणि खासदारांनी पुढील गोष्टी दिल्लीपर्यंत पोहोचवाव्यात. एक, साध्या हत्यारांच्या दलालीचे कलम एकाच कायद्यात, एकाच ठिकाणी लिहावे, आणि त्यात 'भारतात राहणारा कोणीही, नागरिक असो वा नसो' हे शब्द असावेत. असा रहिवासी चार दिवस बाहेर जाऊन व्यवहार करून आला तरी तो सुटू नये. दोन, रहिवासी कोण हे आयकरासारखे दिवस मोजून ठरवावे, कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये. तीन, 'जाणूनबुजून' हा शब्द आणि वाहतूकदार, कुरिअर, बँक यांची सवलत जशीच्या तशी राहावी. चार, दलालांची नोंद ठेवणारे रजिस्टर असावे. पाच, नियंत्रित मालाच्या यादीतील कापड आणि रंग-रसायनाशी संबंध येणारा भाग मराठी, हिंदी आणि उर्दूत छापून सोलापूर, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचवावा. जी यादी वाचता येत नाही ती पाळण्याची अपेक्षा ठेवणे बरोबर नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत दुकानात बसून आपण जे करू शकतो ते करावे. परदेशी ऑर्डर दलालामार्फत आली तर माल शेवटी कोण वापरणार हे लेखी घ्यावे. घेणारा एक, पैसे पाठवणारा दुसरा आणि माल उतरणार तिसऱ्याच बंदरात, असा प्रकार दिसला की थांबून विचारावे. टॉवेलचे गिऱ्हाईक अचानक रसायन मागू लागले तर का मागतो ते विचारावे. दलालाचे नाव, पत्ता आणि दिलेली दलाली वहीत लिहून ठेवावी, रोखीने गुपचूप देऊ नये. आखातात राहणाऱ्या आपल्या मुलांनाही सांगावे की, ओळखीच्या कोणी चांगल्या कमिशनवर 'फक्त नाव दे, फक्त सही कर' म्हटले तर मालाची यादी पाहिल्याशिवाय सही करू नका. तेथेही राहत्या देशाचा कायदा त्यांच्यावर आहे.

आपण परदेशात रहिवासी म्हणून राहतो तेव्हा तेथील सरकारने आपल्याला नागरिकासारखा न्याय द्यावा, असे आपण म्हणतो. ते म्हणणे रास्त आहे. मग न्यायाबरोबर येणारी जिम्मेदारीही रहिवाशाने घेतली पाहिजे, तेथे आपण आणि येथे परदेशी. चाटी गल्लीचा रिवाज याहून निराळा नाही.